ओझ्याच्या उंचीची भिंत

इरा, निखिल,

गेल्या रविवारी फोनवर इराने सांगितलं, की राहायला चांगल्या शहरांची एक यादी निघाली आहे आणि बंगळूर तीत बरंच खाली आहे. "अज्जी, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, यादी पाहिल्याशिवाय मत देत नाही. तिने लगेच पाठवली. मी ती दोनदा वाचली. हवेला गुण, दवाखान्यांना गुण, शाळांना, बागांना, नाटकगृहांना गुण. डोक्यावरचं ओझं रस्त्यात कुठे टेकवता येतं का, याचा रकाना नव्हता. मला त्या एकाच रकान्याची थोडीफार माहिती आहे, म्हणून लिहिते. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला माझ्याकडून लेख हवाच होता. एका बैठकीत दोन्ही कामं होतील. वाचताना अडलं तर बाबाला विचारा. काही ठिकाणी तोही अडखळेल, कारण तो यात आहे.

घाईचं कारण वेगळं आहे. आपल्या चामराजपेटच्या घराच्या जागी चार मजली इमारत व्हायची आहे. मला त्याचं दुःख नाही. घरातली वायरिंग माझ्याहून जुनी आहे आणि न्हाणीघराची पायरी माझ्या गुडघ्यांना पटत नाही. पण बिल्डरच्या नकाशात रस्त्याकडची बुटकी भिंत जाते आणि तिथे मोटारींचं फाटक येतं. फाटकासमोर बस थांबवता येत नाही. म्हणून आपल्या दारातला स्टॉप हलवावा असा अर्ज घरमालकाने बसच्या ऑफिसला करायचा असतो. मालक मी. तो अर्ज जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली अठरा दिवस पडला आहे. वाचला तेव्हा भाषा ओळखीची वाटली. मग आठवलं, अर्जाचा हा नमुना नोकरीत असताना मीच तयार केला होता. अजून तोच चालतो. सही केली की स्टॉप हलतो; मी पळवाट ठेवली नव्हती.

तीस वर्षांहून जास्त मी शहर बसच्या ऑफिसात होते, त्यातली बहुतेक थांबे विभागात. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. झालेली मुलगी बसचे खांब कुठे रोवायचे ते ठरवते, हे माझ्या माहेरी फारसं सांगत नसत. "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" एवढंच म्हणत. लोकांना वाटे, विमानं असतील.

बाहेरच्याला वाटतं, खांब रोवला की स्टॉप झाला. वळणापासून अंतर लागतं, नाहीतर मागून येणारी गाडी आदळते. दोन थांब्यांमध्ये अंतर लागतं, नाहीतर चालणारा माणूस बसच्या पुढे जातो. फाटक, दवाखान्याचं दार, उघडं गटार टाळावं लागतं. हे सगळं टाळून जी जागा उरते ती नेहमी कोणाच्या तरी घरासमोर असते. खरं काम तिथून सुरू होतं.

माझ्या टेबलावर दोनच प्रकारचे अर्ज येत. आमच्या भागात स्टॉप द्या, आणि आमच्या दारातला स्टॉप हलवा. पुष्कळदा अक्षर एकच असे. एका निवृत्त प्राचार्यांनी हे दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात, एकाच पेनाने केले होते. मी त्यांना बोलावून दोन्ही समोर ठेवले. ते म्हणाले, "यात विरोध कुठे आहे? स्टॉप हवाच आहे. शेजाऱ्यांकडे."

देवनहळ्ळीच्या बाजूला एका नव्या लेआउटने स्टॉप मागितला. पाहायला गेले तर प्लॉटचे दगड होते, घर एकही नव्हतं. जाहिरातीत ‘बस दारात’ असं छापायचं होतं. साहेबांच्या साहेबांचा फोन आला, खांब रोवला गेला. सहा महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा खांबाला एक शेळी बांधलेली होती. मी अहवालात ‘वापर सुरू’ असं लिहिलं.

बेळ्ळंदूरची गोष्ट निवृत्तीच्या जरा आधीची. एका मोठ्या वसाहतीने फाटकाजवळची शेड हलवून मागितली, बाहेरची माणसं तिथे बसतात म्हणून. नियमात बसत होतं. मी हलवली, पुलाच्या पलीकडे. चौथ्या दिवशी वसाहतीच्या सेक्रेटरीणबाईंचा फोन आला. पुण्याच्या होत्या. माझं आडनाव वाचून मराठीत बोलल्या.

"मॅडम, ॲक्च्युअली आमच्या सगळ्या मेड्स लेट येताहेत. मॉर्निंगला माझे कॉल्स असतात, आणि कोणीच नसतं हो घरात."

"त्या कशाने येतात?"

"बसनेच."

"आणि आधी शेडमध्ये कोण बसत होतं?"

त्यांनी मागचा मिक्सर बंद केला. मग त्या म्हणाल्या, "ओके. परत कधी शिफ्ट होईल?"

मला ही गोष्ट सांगायला आवडते, कारण तिच्यात चूक दुसऱ्याची आहे. आता माझी सांगते. पुढची घराबाहेरची बोलणी कन्नडमध्ये झाली. मी मराठीत लिहिते आहे.

तेव्हा तुमचा बाबा दुसरीत होता. आपल्या दारात स्टॉपचा खांब नव्हता, पण सकाळची बस तिथे थांबायची. ड्रायव्हरांची सवय, म्हणून आम्ही कोणी विचारलं नव्हतं. मार्केटहून पालेभाजीच्या टोपल्या घेऊन तीन-चार बायका उतरायच्या आणि टोपल्या आपल्या भिंतीवर टेकवायच्या. त्यांच्यात थोरल्या नागरत्नम्मा. बारीक चणीच्या, कपाळावर मोठं कुंकू. मेथी, सब्बसगी म्हणजे शेपू, राजगिरा असं घेऊन त्या आमच्या भागातल्या गल्ल्या फिरायच्या. भाजीवर पाणी मारलेलं असे. ते भिंतीवरून ओघळून तुमच्या पणजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, रांगोळीत जात असे.

"सुमन," सासूबाई रोज म्हणत, "तू बसच्या ऑफिसात आहेस ना? मग आपल्याच दारात हे काय?"

वर्षभर मी ऐकलं. मग ऑफिसात हुकूम निघाला, की यादीत नसलेले थांबे शोधून जवळच्या अधिकृत थांब्यात मिळवावेत. माझ्या भागात असे अकरा निघाले. दहांवर चर्चा सुरू झाली आणि माझ्या निवृत्तीपर्यंत चालली. एकाची अंमलबजावणी महिन्यात झाली. कोणत्याची, ते सांगायला नको. माझ्या अहवालात एक शब्दही खोटा नव्हता. वळण जवळ होतं, फूटपाथ अरुंद होता, खांब नव्हता. घर माझं आहे हे लिहायला नमुन्यात जागा नव्हती, आणि मी ती केली नाही.

त्या बदल्यात दीडशे पावलं पुढे, दुधाच्या बूथपलीकडे, नवी शेड झाली. पत्र्याचं छत, स्टीलचा बाक, मार्गाच्या नंबरांची पाटी. आमचे साहेब रामण्णा यांनी माझा तिच्यासमोर फोटो काढला. अल्बममध्ये आहे. मी हसते आहे.

रांगोळी कोरडी राहू लागली. सासूबाईंनी त्या आठवड्यात दोनदा माझं कौतुक केलं. आधीच्या नऊ वर्षांत तेवढं झालं नव्हतं.

एका सकाळी ऑफिसला जायला मी शेडपाशी उभी होते. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या, नागरत्नम्मा टोपलीशेजारी उभ्या होत्या. कंडक्टरने टोपली उतरवून बाकावर ठेवली होती आणि बस गेली होती. डोक्यावर चुंबळ तयार होती. पण त्या निघत नव्हत्या. एक बस आली आणि गेली, दुसरी आली आणि गेली. मला वाटलं, सावलीत बऱ्या वाटत असतील. शेडबद्दल मला तेव्हा जरा अभिमान होता. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी इस्त्रीची सुती साडी, हातात फायली. त्यांनी नजर वळवून रस्त्याकडे पाहिलं. माझी बस आली, मी चढले.

तीन दिवसांनी आमच्या मार्गावरचा कंडक्टर मुनियप्पा म्हणाला, "मेडम, भाजीवाली नागरत्नम्मा पडली. शेडमध्ये. मनगट मोडलं."

"बाकावरून?"

"बाकावरून टोपली उचलायला गेली. एकटी."

मला तरीही कळलं नाही. मुनियप्पाने बसच्या पायरीवर उभं राहून मला समजावलं. तीस किलोची टोपली एकट्या बाईला गुडघ्याच्या उंचीवरून डोक्यावर घेता येत नाही. समोरून कोणीतरी हात द्यावा लागतो. बायका एकमेकींना देतात, पण शेवटी उरते तिला कोणी नसतं. टोपली खांद्याच्या उंचीवर टेकलेली असेल तर कोणी लागत नाही. डोकं वाकवून तिच्याखाली शिरायचं आणि सरळ व्हायचं. "तुमच्या घरची भिंत तेवढी आहे," तो म्हणाला. "म्हणून तर गाडी तिथे थांबायची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी थांबे विभागात होते. मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी मोसंबी घेऊन त्यांच्याकडे गेले. आमच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत एक खोली, दारात तुळशीचा डबा. हाताला प्लास्टर. त्यांनी सुनेला, मंजुळाला, कॉफी करायला सांगितलं. मी मोसंबी खाली ठेवली.

"शेड छान आहे अक्का," त्याच म्हणाल्या. "बसायला. मी बसायला येत नाही."

"त्या दिवशी मी तिथेच होते. मला हाक का नाही मारलीत? मी हात दिला असता."

"दिला असतात?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरोखर माहिती नव्हती म्हणून विचारलं. मी कॉफी प्यायले.

"सहा आठवडे प्लास्टर," त्या म्हणाल्या. "तोवर घरं दुसरीकडून भाजी घ्यायला लागतील. तीस वर्षं कुणाची वाट बघत उभी नाही राहिले अक्का. मार्केटात माणसं असतात, तुमच्याकडे भिंत होती. आता रोज कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. पांढरा शर्ट असला की तो घड्याळ बघतो." मग म्हणाल्या, "हाताचं सोडा, हात जुळेल. पण असं असेल तर मी हा धंदा सोडते."

घरी येऊन मी शिंप्याची टेप घेऊन भिंत मोजली. चार फूट दोन इंच. सासूबाई ओसरीतून बघत होत्या. आधी ऑफिसचं काम, मग घरचं.

रामण्णा सरांना मी सांगितलं, थांबा परत हवा, आणि आता खांबासकट.

"मेडम, अहवाल तुमचा. आक्षेपही तुमचाच?"

"हो सर."

"कारण काय लिहू?"

"भिंत."

"भिंत हे कारण नसतं."

"मग उंची लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ते डेपोतून वर आलेले, फार शिकलेले नव्हते, आणि आमच्या ऑफिसात तेवढेच एक होते ज्यांच्या आईने डोक्यावरून सरपण वाहिलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं. "वळणाचं मी बघतो," ते म्हणाले. "वीस पावलं अलीकडे घेऊ, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. पण घरमालकाची ना-हरकत लागेल. तोंडी नाही, लेखी. मालक कोण?"

"माझ्या सासूबाई."

रामण्णा सरांनी माझा अहवाल पुन्हा उघडला. मी अहवालात न लिहिलेली ओळ त्यांनी तेव्हा वाचली असावी. "मग मेडम, कठीण काम तुमच्याकडे राहिलं," एवढंच म्हणाले.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. अकरा थांब्यांचं, दहा चर्चेतल्यांचं, मनगटाचं, उंचीचं. "मी तुमच्यासाठी केलं" हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ते खरं नव्हतं. मलाही ओली भिंत नको होती.

त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना सहा फूट हवी होती भिंत. गवंड्याला सांगूनही झालं होतं. मीच म्हटलं, एवढी नको."

"का?"

"मला रस्ता दिसायला नको का? दिवसभर घरात बसून मी बघायचं काय?"

म्हणजे त्या भिंतीची उंची कोणा इंजिनियरने ठरवली नव्हती, ओझ्याचा विचारही कोणी केला नव्हता. तुमच्या पणजीला कोण कोणाकडे जातं ते बघायचं होतं. शहरात उपयोगी पडलेल्या कित्येक गोष्टी अशाच झालेल्या असतात. निदान माझ्या विभागात आम्ही विचार करून केलेल्या फारच थोड्या उपयोगी पडल्या.

त्यांनी पत्रावर सही केली, एक अट घालून. टोपली भिंतीच्या डाव्या टोकाला ठेवायची, रांगोळीपासून लांब. मी ती अट नागरत्नम्मांना सांगितली. "सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. सहा आठवड्यांनी आल्या आणि पहिल्याच दिवशी टोपली उजव्या टोकाला ठेवली, कारण बसचं दार तिथे येत होतं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून रांगोळी डावीकडे घातली. याविषयी दोघी कधीच एकमेकींशी बोलल्या नाहीत. वर्षभराने बोलू लागल्या, ते मेथीच्या जुडीवरून, आणि मग थांबल्या नाहीत.

त्यानंतर माझ्या नोकरीत मी एकच गोष्ट मनापासून मागितली. प्रत्येक नव्या शेडच्या एका बाजूला एक आडवी नळी, चार फूट दोन इंचांवर. आकृती काढली, कारण लिहिलं. बैठकीत विचारलं गेलं, डोक्यावर ओझं नेणारे प्रवासी किती, आकडेवारी कुठे आहे. आकडेवारी नव्हती. पुढच्या वर्षी परत मागितली. मग दर वर्षी मागत गेले. लोक ‘मेडमची नळी’ म्हणू लागले, आणि एखाद्या गोष्टीला नाव पडलं की ती होत नाही. शेवटपर्यंत एकाही शेडला नळी लागली नाही. निरोपसमारंभात मला घड्याळ मिळालं.

आता मिठाच्या बरणीखालचा कागद. मी सही करत नाही म्हणून बाबाने गेल्या बुधवारी फोन केला.

"आई, आता डोक्यावर ओझं नेतं कोण? सगळं घरपोच येतं."

प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. पूर्वी आकडेवारी नव्हती म्हणून मी हरले होते. तेव्हा तीन दिवस सकाळी वही घेऊन ओसरीत बसले. नागरत्नम्मांची सून मंजुळा अजून येते. आता फुलं आणते, टोपली हलकी असते, पण ती टेकवते तिथेच. घरपोच आणणारे दोघं पाठीवरचा चौकोनी डबा भिंतीवर ठेवून पत्ता शोधत होते. एका बाईने दुरुस्तीला न्यायचा मिक्सर ठेवला. बँडवाल्याने ढोल ठेवला. पोटुशी बाई कोपर टेकून बसची वाट बघत होती. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नागपूरच्या मुलीने भिंतीवर लॅपटॉप उघडला आणि कॅब येईपर्यंत एक मीटिंग उरकली. मला म्हणाली, "आजी, हाइट एकदम परफेक्ट आहे हो याची." एक माणूस नुसता हात टेकून उभा राहिला. त्याच्याजवळ काहीच नव्हतं. त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.

वही मी बाबाला वाचून दाखवली. त्याने तिकडे नकाशा उघडला. मग म्हणाला, "फाटक बाजूच्या गल्लीतून घेता येईल. पण एक पार्किंग कमी होईल."

"कोणाचं?"

"माझं."

"तुझी गाडी कुठे आहे?"

"अजून घेतली नाहीये."

"मग झालं."

"त्या नागरत्नम्मा," तो म्हणाला, "मला रोज एक गाजर द्यायच्या. तुला सांगितलं नव्हतं. त्या मध्येच काही दिवस का आल्या नव्हत्या?" मी म्हटलं, लेख लिहिते आहे, त्यात वाच.

बिल्डर काल येऊन गेले. सज्जन आहेत. "अम्मा, भिंत ठेवू," म्हणाले, "फक्त स्वल्प उंच करू, वर ग्रॅनाइट लावू. इमारतीला शोभेल."

"स्वल्प म्हणजे किती?"

"एक फूट."

मी त्यांना उठून भिंतीपाशी यायला सांगितलं. मिठाची बरणी हातात होती, ती भिंतीवर ठेवली. मग ती एक फूट वर धरून विचारलं, याच्याखाली तुम्ही कसे शिराल. त्यांनी बरणी माझ्या हातून घेऊन परत भिंतीवर ठेवली. अर्जाच्या कोऱ्या बाजूवर मी भिंतीची आकृती काढून ठेवलीच होती, मापासकट. बांधकाम चालू असतानाही भिंतीला हात लावायचा नाही, हे त्यांच्याकडून तिच्याखाली लिहून घेतलं. सही दोघांनी केली. अर्जाच्या बाजूला सही नाही.

इरा, गुण किती द्यायचे ते तू ठरव. मला गुण देण्याची सवय नाही, मोजण्याची आहे. सासूबाई गेल्या, मग रामण्णा सर, मग नागरत्नम्मा. दीडशे पावलांवरची शेड रस्ता रुंद करताना काढली. कोणी अर्ज केला नाही. सकाळची बस येते, वेळेवर नाही, पण येते. खांब आहे. भिंत आहे. काल पुन्हा मोजली. चार फूट दोन इंच.